आंबलेले दात

पहिल्याच घासाला तिनं कुल्फी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. रडली नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राहिलं. हे माठातलं पाणी घेऊन धावले, तर तिनं तांब्याही लोटून दिला. कुल्फी फरशीवर वितळत होती, आणि आम्ही दोघं नवराबायको एका चार वर्षांच्या पोरीपुढं गुन्हेगारासारखे उभे होतो.

ती आमच्या घरी आली त्या दिवसाची संध्याकाळ होती ती. मला वाटलं, बिचारीनं कुल्फी कधी बघितली नसेल, गार लागल्यावर भ्यायली. ह्यांनी दुकानातून टोस्ट आणला, कपभर कोमट दुधात बुडवला आणि मऊ करून तिच्या ओठाला लावला. तो तिनं खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. तिसरा खाताना ह्यांच्या मांडीला टेकून झोपली.

मिरजेत स्टेशनपासून जवळच एका बोळात आमची बेकरी होती. पुढं दुकान, मागं भट्टी, वरच्या मजल्यावर आम्ही. गावात ह्यांना शिवाप्पा म्हणत, मला गौराक्का. लग्नाला तेरा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग एक दिवस भट्टीपुढं बसल्या बसल्या हे म्हणाले की आपण संस्थेत जाऊन बघू. माझ्या मनात ते केव्हापासून होतं, पण त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी थांबले होते.

संस्था सांगलीत होती. तिथल्या मोठ्या बाईंनी आम्हाला सगळं सरळ सांगितलं. ही मुलगी वर्षाभरापूर्वी मिरज स्टेशनात सापडली होती. फलाटावर, बाकाखाली, झोपलेली. त्या काळी मिरजेला तिन्ही रुंदीच्या गाड्या यायच्या. पुण्याकडची मोठी, बेळगावाकडची मधली आणि लातूर-कुर्डुवाडीकडून येणारी ती बारकी. पोर यातल्या कुठल्या गाडीतून उतरली, की कुणी आणून सोडली, काही कळायला मार्ग नव्हता. पेपरात फोटो दिला, पोलिसांनी चौकशी केली, कुणी आलं नाही. सोडून दिलेलं मूल असंच सगळे धरून चालले. पोर बोलतच नव्हती. नाव विचारलं की "मनी" म्हणायची, आणि संस्थेच्या अंगणात एक मांजर असायचं, त्यामुळं सगळ्यांना वाटायचं ती मांजराबद्दल सांगते आहे.

बोलत नाही म्हणून आम्ही तिचं नाव अबोली ठेवलं. काही महिने आमच्याकडं राहायचं, सगळं नीट चाललं तर कोर्टात जाऊन कायमची आमची, असं ठरलं होतं. उन्हाळ्यातली तारीखही मिळाली होती.

अबोली हळूहळू बोलायला लागली. ह्यांना ती "बाबा" म्हणायची, कारण भट्टीवरच्या कामगारांची मुलं आपापल्या बापाला तसं म्हणत ते तिनं ऐकलं होतं. मला मात्र "बाई". संस्थेत सगळ्या बायकांना ती बाईच म्हणायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. म्हणेल तेव्हा म्हणेल, असं मनाशी ठरवलं होतं. सकाळी पहिली खारी भट्टीतून निघाली की हे तिला हाक मारायचे आणि सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून उसळ-पावाच्या गाड्यांना पाव पोचवायला न्यायचे. परत येईपर्यंत सगळ्या बोळाला कळायचं की शिवाप्पाची पोर आली.

पण तिच्या खाण्याचं काहीतरी बिनसलेलं होतं. खारी कडक म्हणून चावायची नाही, चुरा करून ठेवायची. गार पाणी नको, गरम चहाही नको. पोळीचा काठ काढून मधलाच भाग खायची. दात घासताना तर ब्रश बघूनच भिंतीला चिकटायची. तिच्या दातांकडं मी एकदा नीट बघितलं. पुढचे दात बुटके झालेले, कडेला इतके पातळ की पलीकडचं दिसेल असं वाटावं, आणि रंगानं पिवळसर. काळे नव्हते. काळे असते तर मी कीड म्हणून सोडून दिलं असतं. दुधाचे दात, पडतीलच.

आमच्या बोळाच्या तोंडाशी दातांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना घातला होता. डॉक्टर नसीम मुजावर. पाव आमच्याकडूनच न्यायच्या. मी एके दिवशी दुपारी अबोलीला घेऊन गेले. ह्यांना यायचं होतं, पण ऑर्डरीचा मोठा घाणा भट्टीवर होता.

नसीमबाईंनी तिला खुर्चीत बसवलं नाही, माझ्या मांडीवरच ठेवलं. छोटा आरसा आधी तिच्या हातात दिला, तिला तिचं नाक दाखवलं, कान दाखवला. मग तोंडात घातला. बराच वेळ बघत होत्या. दाढा बघितल्या, पुढच्या दातांची आतली बाजू बघितली.

"कीड नाहीये ही," त्या म्हणाल्या. "झिजलेत."

मी विचारलं की एवढ्याशा पोरीचे दात झिजतील कसे. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. चिंच किंवा कैरी जास्त खाल्ली की आपले दात आंबतात ना, तसं. एखादे दिवशी आंबले तर तोंडातल्या लाळेनं सावरतात. पण रोज, दिवसभर आंबट तोंडात धरून राहिलं, तर दातावरचं कवच विरघळत जातं, आणि मुलांच्या दुधाच्या दातांचं कवच मुळातच पातळ. आतला नाजूक भाग उघडा पडतो. मग गार सोसत नाही, गरम सोसत नाही. दाढांच्या माथ्यावर चमच्यासारखे खळगे पडतात, तसे हिला पडलेत.

काय काय खाते, हे त्या एकेक विचारत गेल्या. लिंबाचं सरबत? बाटलीतली थंड पेयं? संत्र्याच्या आंबट गोळ्या? उलट्या होतात का, पोटातलं आंबट वर येतं का? मी सगळ्याला नाही म्हणत होते. आमच्याकडं तर ती दूध आणि पाव खायची. संस्थेत वरणभात, गुरुवारी केळं.

"मग त्याच्या आधीचं आहे," नसीमबाई म्हणाल्या. "ही कुठली?"

मी तिची हकीकत सांगितली. त्यांनी आरसा ठेवला, हात धुतले आणि त्या हात पुसत उभ्या राहिल्या. सांगावं की नाही, असं चाललं असावं त्यांच्या मनात.

"माझं आजोळ औशाचं," त्या शेवटी म्हणाल्या. "लातूरकडं. तिकडं उन्हाळ्यात बायका चिंच फोडायला बसतात. आडतीत चिंचेचे ढीग असतात, लेकरं शेजारीच. दिवसभर तोंडात चिंच. माझ्या लहानपणी माझ्याबरोबर खेळणाऱ्या मुलींचे दात असेच होते. मी ह्या शिक्षणाला गेले तेव्हा मला त्यांचे दात आठवले होते." मग त्यांनी पुस्ती जोडली, "पण हे मी खात्रीनं नाही सांगत. आंबट मूल कुठंही खाऊ शकतं, गौराक्का."

त्यांनी लावायला औषध दिलं. आंबट काही खाल्लं तर लगेच ब्रश लावायचा नाही, आधी पाण्यानं चूळ भरायची, दूध द्यायचं, असं समजावलं. हे दात पडून नवे येतील, पण सवय तीच राहिली तर नवेही झिजतील, असंही म्हणाल्या. मी मान हलवत होते. कानात काही शिरत नव्हतं.

घरी येताना आम्ही स्टेशनावरून आलो. बारक्या गाडीचं इंजिन धूर सोडत उभं होतं. अबोली माझं बोट धरून उड्या मारत चालली होती.

मला एक गोष्ट आठवत होती, आणि ती मी नसीमबाईंना सांगितली नव्हती. थोड्या दिवसांपूर्वी मी वर्षाची चिंच गच्चीवर वाळत घातली होती. अबोली तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसली, आणि मी बघते तो काय, पोरीनं एक चिंच उचलली, अंगठ्यानं टरफल तडकवलं, वरच्या शिरा एका ओढीत काढल्या, चिंचोका दाबून बाहेर उडवला आणि गर उजवीकडं ठेवला. मग दुसरी उचलली. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. मोठ्या माणसाला जमणार नाही अशा सफाईनं तिनं एवढासा ढीग केला होता. मी ह्यांना कौतुकानं बोलावून दाखवलं होतं. किती हुशार आहे बघा, म्हणून.

भट्टीवर गेले तर हे भट्टीतून पावाचे पत्रे बाहेर ओढत होते. मी बाजूला उभी राहून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, आणि गच्चीवरचं आठवलं तेही. ते पत्रे ओढत राहिले. सगळा घाणा निघाला, कामगार पाव मोजायला पुढं गेले, तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"सोडून दिली असेल तिच्या आईनं. आपण शोधत जायचं, आणि तिनंच टाकली असेल तर?"

मी म्हणाले, असेल. मलाही तसंच वाटत होतं. खरं तर मला तसंच वाटायला हवं होतं. पण टाकलेल्या पोरीला कुणी इतक्या मायेनं चिंच सोलायला शिकवतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता, आणि त्यांच्याही मनात तोच असणार. त्यांनी पंचा झटकला.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले. "तिकडं हंगाम चालू असेल."

ते बारक्या गाडीनं गेले. मी दुकान सांभाळलं. ते नसताना मी अबोलीला क्षणभर सोडलं नाही. तिच्या केसांना तेल लावलं, तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवायला टाकले. देवापुढं रोज दिवा लावताना काहीतरी मागायची, पण काय मागतेय हे शब्दांत येऊ देत नव्हते.

ते आठवड्यानं परत आले. अंगभर धूळ, डोळे खोल गेलेले. मी पाणी दिलं. तांब्या रिकामा करून त्यांनी खाली ठेवला.

"कुणी नाही," ते म्हणाले. "कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत सगळ्या आडती पालथ्या घातल्या. कुणाचीच पोर हरवलेली नाही."

मी "बरं" म्हणाले आणि भाकरी टाकायला गेले. चुलीपुढं बसून मी रडले. मला आनंद झाला होता म्हणून रडतेय असं मी स्वतःला सांगितलं.

पण आमच्या घरात काहीतरी बदललं होतं. सकाळी खारी निघाली की हे अबोलीला हाक मारीनात. ती आपणहून जाऊन उभी राहायची, तर ते तिच्या हातात खारी द्यायचे आणि लगेच पाठ फिरवून भट्टीत लाकडं सारायला लागायचे. सायकलवर न्यायचं बंद झालं. चाकात हवा नाही म्हणायचे, उशीर झालाय म्हणायचे. ताटावर बसले की चतकोर खाऊन उठायचे. तेरा वर्षं मी त्या माणसाबरोबर राहिले होते. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं, आणि ते बोलले आहेत हेही मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. कोर्टाची तारीख जवळ येत चालली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांना चुकवत घरात वावरत होतो.

मग एका दुपारी अबोली जिन्यावरून पडली. फार नाही, खालच्या दोन पायऱ्यांवरून. गुडघा खरचटला. मी स्वयंपाकघरात होते. तिनं मोठ्यानं हाक मारली.

"आई."

मी धावले, तिला उचलून कडेवर घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली. ती माझ्या मानेत तोंड खुपसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. ज्या एका हाकेसाठी मी इतकी वर्षं काढली होती ती आली होती. आणि मला ती ऐकवेना. कुणाच्या तरी वाट्याची वस्तू आपल्या ताटात पडली आहे आणि ती बाई कुठंतरी रिकाम्या हातानं बसली आहे, एवढंच मला दिसत होतं.

पोर शांत झाल्यावर मी भट्टीवर गेले. हे कणीक तिंबत होते. मी विचारलं नाही की ती सापडली का.

"कशी दिसते ती?" मी विचारलं.

त्यांचे हात कणकेत तसेच थांबले.

"हिच्यासारखीच," ते म्हणाले.

मग ते तिथंच जमिनीवर बसले आणि कणकेच्या हातांनीच तोंड झाकून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. रडत रडतच त्यांनी सांगितलं. लाईनीवरच्या एका गावात, आडतीच्या छपरात पन्नासेक बायका चिंच फोडत बसल्या होत्या. ह्यांनी विचारल्यावर त्यातल्या एका म्हातारीनं लांबूनच बोट दाखवलं. ती द्वारका. नवरा नाही. तिची पोर गेल्या साली गाडीत हरवली. पोरीचं नाव मनकर्णा. मनी म्हणायचे सगळे.

"तुम्ही बोललात तिच्याशी?"

"जवळ गेलो. उभा राहिलो. तिनं वर बघितलं." त्यांनी बाहीनं नाक पुसलं. "मी चिंचेचा भाव विचारला आणि आलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि कागद पुढं ओढले. चौकशी झाली, तिकडच्या गावाहून दाखला आला, पोरीच्या पाठीवरची खूण जुळली. तेवढ्यात कोर्टाची तारीख येऊन गेली. आम्ही गेलो नाही.

द्वारकेला आणायला हेच गेले. ती आली ती उंबऱ्यापाशीच थांबली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, पण वाळून काटकी झालेली. बोटांची टोकं चिंचेनं काळी-तपकिरी पडलेली. अबोली माझ्या पाठीमागं होती, माझ्या साडीचा घोळ मुठीत धरून.

द्वारका तिच्याकडं झेपावली नाही. हाक मारली नाही. उंबऱ्याच्या बाहेर खाली बसली, पोरीच्या उंचीची झाली, आणि नुसती बघत राहिली.

"थोर झाली," ती माझ्याकडं बघून म्हणाली. मग अगदी हळू, "मने."

माझ्या साडीवरची मूठ आणखी आवळली. पोरीनं त्या दिवशी आईला ओळखलं नाही. द्वारका समजून असल्यासारखी मान हलवत राहिली.

संध्याकाळी चहा घेताना तिनं सांगितलं. कुर्डुवाडीला गाडी बदलायची होती. फलाटावर दोन बारक्या गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. पोर झोपलेली, काखेत गाठोडं. लातूरची कुठली म्हणून विचारलं, कुणीतरी हात केला, हिनं पोरीला आणि गाठोड्याला गाडीत ठेवलं आणि पाणी भरायला उतरली. परत येते तो गाडी हललेली.

"म्या पळाले, पन न्हाई घावली," ती म्हणाली. "दुसरी उभी व्हती, ती बी लातूरलाच जाती म्हनले, तिच्यात बसले, म्हनलं म्होरल्या ठेसनावर गाठू. लातूरपोतर समदी ठेसनं हुडकली. येक साल हुडकले. तिकडंच हुडकत व्हते, बाई. लेकरू इकडं आलं व्हतं."

ती चुकीच्या गाडीत बसलीच नव्हती. तिनं पोरीला चुकीच्या, मिरजेच्या गाडीत ठेवलं होतं, आणि वर्षभर बरोबर गाडीच्या वाटेवर ती तिला शोधत फिरली होती. इकडच्या दिशेनं एक स्टेशनही तिनं बघितलं नव्हतं, कारण इकडं बघायचं कारणच तिला माहीत नव्हतं.

मी तिला दातांचं सांगितलं. सांगायला हवंच होतं, ती पोरीला घेऊन परत त्याच छपरात बसणार होती. नसीमबाईंचे शब्द जमतील तसे सांगितले. द्वारका ऐकत होती.

"भूक लागली की रडायची," ती म्हणाली. "कामावर रडलं तर मुकादम उठिवतो. चिंच दिली की गप बसायची. दिसभर गप बसायची, लई गुनाची." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दुखत असतील का वो तिला? तवा?"

मी म्हणाले, तेव्हा नसतील दुखत. खरं काय ते मला माहीत नव्हतं.

ती आमच्याकडं थोडे दिवस राहिली. मोठ्या बाईच म्हणाल्या होत्या की पोरीला सवय होऊ द्या. मी पोरीला न्हाऊ घालायचं सोडलं, द्वारकेच्या हातात तांब्या दिला. जेवण मी करायची, भरवायची ती. रात्री पोर माझ्या अंथरुणावर आली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. "आई" अशी हाक आली की मी ऐकू न आल्यासारखं करायची आणि द्वारकेकडं बघायची. पहिले दिवस पोर हाका मारमारून रडली. मग द्वारकेच्या मांडीवर बसायला लागली. एकदा दुपारी मी वर आले तर दोघी एकमेकींना चिकटून झोपल्या होत्या, पोरीचं नाक द्वारकेच्या काखेत. वासानं ओळखलं असावं. मी दार लोटून खाली गेले.

ह्यांनी द्वारकेला म्हटलं होतं की इथंच राहा, बेकरीत काम आहे, खोली आहे, पोर दोघींची होईल. मला वाटलं ती हो म्हणेल.

"तुमचे लई उपकार हायती," ती म्हणाली. "पन हितं ऱ्हायले तर ती तुमचीच ऱ्हाईल. माझ्यापाशी काय हाय? तुमच्याकडं दूध हाय, पाव हाय. लेकराला कळतंय."

तिचं खोटं नव्हतं.

जायच्या दिवशी आम्ही चौघं स्टेशनावर गेलो. पोर खुशीत होती, सगळेच गाडीत बसणार असं तिला वाटत होतं. नवा फ्रॉक घातला होता. मी टोस्टांचा डबा दिला, दातांचं औषध दिलं, द्वारकेला पुन्हा एकदा सगळं समजावलं. खिडकीशी पोर बसली. गाडी सुटायला आली तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले की पोरीला सांग, आम्ही पाणी आणायला जातो म्हणून. रडणार नाही, गाडी निघून जाईल.

"पाणी आणायला म्हणून हिला पुन्हा कुणी सोडून जायचं नाही," मी म्हणाले.

मी खिडकीपाशी गेले आणि तिचा हात हातात घेतला. सांगितलं, "मने, मी येणार नाही. तू आईबरोबर घरी जायचंस." तिला मी त्या नावानं पहिल्यांदाच हाक मारली. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीच्या गजांमधून दोन्ही हात बाहेर काढून ओरडत होती, आणि द्वारका तिला मागून कवळून धरून बसली होती. मी तिथंच उभी राहिले. तिला दिसेल तोवर तिला मी दिसायला हवी होते, एवढंच मला कळत होतं.

त्यानंतर संस्थेच्या बाईंनी आम्हाला दोनदा निरोप पाठवला. दुसरं मूल आहे, बघायला या म्हणून. हे जायला तयार होते. माझेच पाय निघाले नाहीत.

दोन वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, आम्ही त्यांच्या गावी गेलो. द्वारकेनं आता एका बालवाडीत खिचडी शिजवायचं काम धरलं होतं. पत्र्याची खोली, पण सारवलेली, नीटनेटकी. आम्हाला बघून ती रडली, ह्यांच्या पाया पडली, चहाला शेजारून दूध आणलं. मग दारात जाऊन तिनं हाक मारली. मनी पळत आली, धापा टाकत. उंच झाली होती, अंगानं भरली होती. माझ्याकडं तिनं बघितलं, जसं कुठल्याही पाहुण्याकडं बघतात तसं, आणि आईच्या मागं लाजून उभी राहिली.

द्वारकेनं तिला पुढं ढकललं.

"जा की," ती म्हणाली. "आई हाय ती तुजी."

पोर गोंधळली. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. कपाळाला आठी पडली. ती आठवायचा प्रयत्न करत होती आणि तिला काही आठवत नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "मी मावशी. मिरजेची मावशी."

तिच्या कपाळावरची आठी गेली. मावशी तिला समजत होती. तिनं पटकन वाकून माझ्या पायांना हात लावला, ह्यांच्या पायांना लावला, आणि बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या त्यांच्याकडं पळाली.

थोड्या वेळानं मी ह्यांना म्हणाले की गाडीची वेळ झाली. गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता, हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते उठले.